कोरड्या बोअरच्या तोंडाशी

२८ मार्च २०२४, गुरुवार. साक्री.

आलो एकदाचे! टेम्पो साडेअकराला दारात लागला. सगळ्यांत आधी माझ्या पुस्तकांची एकोणीस खोकी उतरली, मग गॅस, मग कपाटं. प्रेमराज म्हणत होता, आधी चहाचं सामान काढू. मी म्हटलं, चहा कुठे पळून जातो का? टेम्पोवाल्याने शेवटचं खोकं ठेवताना विचारलं की मॅडम, यात दगड शेत का. मी म्हटलं, दगडच आहेत, पण डोक्यात घालायचे. तो इतका हसला की त्याने उरलेलं सामान माजघरापर्यंत आणून दिलं.

नवऱ्याला मी लग्नापासून नावाने हाक मारते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पचलं नाही. एकतीस वर्षं जळगावात भूगोल शिकवला, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका होते आणि रविवारी खानदेशभर व्याख्यानं दिली: हुंडा, जात, अंगात येणं, पाणी. लोक म्हणतात मला माइक लागत नाही. खरं आहे, लागत नाही. आता दोघंही निवृत्त. प्रेमराजचं मूळ गाव इथून जवळ, म्हणून साक्रीबाहेरच्या या नव्या वसाहतीत घर घेतलं. तीन खोल्या, ओसरी, मागे भरपूर अंगण. अंगणामागे टेकडी, आणि टेकडीवरून सरळ खाली उतरणारी काळ्या दगडांची रांग, जणू कुणी भिंत बांधायला घेतली आणि अर्ध्यावर सोडून दिली. जमिनीच्या भेगेत लाव्हा उभा चढला आणि तिथेच गोठला, त्याची ती भिंत. पोरांना फळ्यावर काढून दाखवायचे ती आता परसात उभी आहे. याहून चांगलं म्हातारपण कोणतं?

नळ इथवर आलेला नाही. काही हरकत नाही. बोअर घेऊ. प्रेमराजला मी शब्द दिला आहे: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या आईच्या नावाची घागर भरशील ती आपल्या दारच्या पाण्याने.

३१ मार्च, रविवार

शेजारीण येऊन गेली. कलाबाई. पंचेचाळिशीची असेल, नवरा वारलेला, मुलगी सुरतला दिलेली. एकटी राहते आणि भाजीपाला पिकवून आठवडी बाजारात विकते. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि पाण्याचा हंडा घेऊन आली. कुंपणापलीकडे तिचा बोअर आहे. एकशे दहा फुटांवर दोन इंची पाणी लागलं. अख्खी वसाहत तिच्याकडून पाणी नेते. मी म्हटलं, बाई, फुकट नको. ती म्हणाली, “अक्का, पानी काय मी बनाडेल शे? जमीननं शे, ली जा.”

‘पाणी कुणाचं?’ या विषयावर माझं पाऊण तासाचं व्याख्यान आहे. त्याचं सगळं सार या बाईने भाकरी ठेवता ठेवता एका वाक्यात सांगून टाकलं. मला ते आवडायला हवं होतं.

तिच्याकडे लिंबू आहे, मोगरा आहे, वांगी, कढीपत्ता. आमच्याकडे मुरूम.

७ एप्रिल, रविवार

प्रेमराज रोज सकाळी दोन हंडे आणायला तिच्याकडे जातो. आज सव्वा तासाने आला. विचारलं तर म्हणाला, गप्पा निघाल्या. कसल्या? तर त्याच्या रेल्वे टपालातल्या नोकरीच्या. भुसावळला रात्रपाळीला धावत्या गाडीत पत्रं कशी निवडायचे, अर्धवट पत्ता वाचून गाव कसं ओळखायचे, हे कलाबाईने त्याला विचारलं म्हणे. तो सांगत होता आणि मी ऐकत होते. सगळंच मला नवीन होतं. एकतीस वर्षांत मी त्याला हे कधी विचारलं नव्हतं.

तिचे हंडे ओसरीवर चकचकत होते. मी त्यांतलं पाणी प्यायले नाही. टँकरचं प्यायले.

१२ एप्रिल, शुक्रवार

बोअरचे दोन ठेकेदार पाहिले. पहिला पाणी शोधायला नारळ हातावर धरून अंगणात फिरणार होता, त्याला फाटकातूनच परत पाठवलं. दुसरा मगन. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने नारळ काढला नाही, टेकडीकडे पाहिलं. काळ्या रांगेच्या रेषेत चालत चालत तो थेट आमच्या कुंपणापर्यंत आला आणि जमिनीवर पाय आपटून म्हणाला की मॅडम, भिंत इथून खाली जाते. टेकडीवरून मुरणारं पाणी तिला अडतं, म्हणून शेजारच्या बाईला पाणी आहे. तुमच्या बाजूला घ्यायचंच तर भिंतीपासून लांब, नाल्याकडच्या कोपऱ्यात घ्या. थोडं लागेल, पण लागेल.

हे सगळं मलाही माहीत होतं. मी सांगितलं, कुंपणाला लागून घ्यायचा. तिच्या बोअरपासून जितकं जवळ जाता येईल तितकं.

 मी त्याला भूजलाच्या प्रवाहावर दहा मिनिटं समजावून सांगितलं, नकाशा उघडून दाखवला. बोलण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. शेवटी त्याने मान हलवली.

या वहीत तरी खरं लिहावं. नकाशात तसं काही नव्हतं. नाल्याकडचं थोडंसं पाणी मला नको होतं. मला तिचं पाणी हवं होतं.

१६ एप्रिल, मंगळवार

सकाळी सातला दोन गाड्या आल्या, एकीवर यंत्र, दुसरीवर रॉड आणि कॉम्प्रेसर. सगळी वसाहत बघायला जमली. मगनची पद्धत चांगली आहे. दर वीस फुटी रॉडमागे वर आलेली भुकटी घमेल्यात घेऊन ओळीने एकेक ढीग घालतात आणि त्या ढिगांवरून जमीन वाचतात. पहिला ढीग पिवळ्या मुरमाचा. दुसरा, तिसरा काळ्या पाषाणाचा. चौथा मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांच्या खडकाचा, त्यात पांढरे स्फटिक चमकत होते. पाचवा लाल मातीचा. मी जमलेल्यांना प्रत्येक ढिगाची गोष्ट सांगत होते. लोक ऐकत होते. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

सहाव्यापासून रंग बदलेना. निळसर काळी, बारीक, पिठासारखी भुकटी. सातवा तसाच, आठवा तसाच. मगन म्हणाला, भिंतीत शिरलो, थांबू या. तेवढ्यात कलाबाई कुंपणाशी चहाची किटली घेऊन आली आणि गाडीवरची सगळी माणसं तिकडे गेली. प्रेमराजसुद्धा. ती मोठ्याने म्हणाली, “अक्का, तुमना भाषनवरी पानी लागतं तं साक्री कव्हयच बुडी जाती!” सगळे हसले. प्रेमराजही हसला.

मी मगनला सांगितलं, चालू ठेव.

निळ्या काळ्या ढिगांची ओळ ओसरीपर्यंत पोहोचली. सव्विसाव्या रॉडला, पाचशे वीस फुटांच्या अलीकडे, हातोडा एकदम दोन हात खाली सुटला. पोकळी! मी टाळी वाजवली. कॉम्प्रेसर लावला. पाणी आलं नाही. मग भुकटीही येईना. मगन म्हणाला, हवा खाली जाते आहे आणि परत येत नाही. असं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी यंत्र आवरलं. एकही शब्द न बोलता, खाणाखुणांनी.

१७ एप्रिल, बुधवार

मगन भुकटी परत आत घालून बोअर बुजवायला आला होता. ही त्यांची रीत आहे: कोरडा बोअर त्याच्याच भुकटीने बुजवायचा आणि बुजेपर्यंत जवळपास कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. कालची ती मुकी आवराआवर म्हणजे हे! मी कारण विचारलं. तो मला फाटकाबाहेर नेऊन म्हणाला, “कोरडा बोअरना तोंडशी बोलानं नई, मॅडम.” बापाने सांगितलं, त्याच्या बापाने त्याला सांगितलं, एवढंच कारण.

असल्या ‘एवढंच कारण’ विरुद्ध मी आयुष्यभर बोलत आले. त्यातून कलाबाई कुंपणावरून बघत होती. तिच्यादेखत माझा बोअर बुजवायचा? मी सांगितलं, बुजवायचा नाही. पाइपवर झाकण बसवा, ढीग तसेच राहू द्या. त्याने झाकण बसवलं आणि गेला.

२५ एप्रिल, गुरुवार

बोअर श्वास घेतो!

झाकण काढून पाहिलं. बाहेर त्रेचाळीस अंश, आणि पाइपच्या तोंडाशी हात धरला तर गार, ओलसर वारा. दिवसभर नोंदी ठेवल्या. सकाळी दहाच्या सुमारास कागदाचा कपटा आत ओढला जातो, दुपारी चारला वर उडतो. यात गूढ काही नाही. हवेचा दाब रोज असाच चढतो आणि उतरतो, खाली मोठी पोकळी असेल तर ती त्या तालावर हवा आत घेणार आणि बाहेर टाकणार. प्रेमराजला सांगायला गेले तर तो घरात नव्हता. तिच्या वांग्यांना पाणी सोडत होता.

३ मे, शुक्रवार

बावीस तारखेला धुळ्यात व्याख्यान आहे. आज सकाळी दहाला तालीम केली. कुठे करावी? पाइपच्या तोंडाशीच केली. मगनच्या रीतीला तेवढंच उत्तर! आवाज आत जाताना असा काही घुमला, चांगल्या सभागृहातही तसा घुमत नाही. मित्रहो म्हणण्याआधी मी क्षणभर थांबते, तो थांबासुद्धा ऐकू येत होता. पाऊण तास बोलले. पाणी कुणाचं, पाणी सगळ्यांचं.

भाषण संपलं तरी मी थांबले नाही. कुंपणापलीकडे दोघं कशावर तरी हसत होते. मी वाकले आणि पाइपमध्ये सगळं सांगितलं. तिच्या पाण्याबद्दल, तिच्या मोगऱ्याबद्दल, हा माणूस तिथे कसा फुलतो आणि इथे कसा गप्प असतो त्याबद्दल. वाईट शब्द वापरले. कधीच वापरत नाही असे.

खालून प्रतिध्वनी आला नाही. मन मात्र हलकं झालं.

१० मे, शुक्रवार. आखाजी.

आज मी वाईट वागले.

प्रेमराजने सकाळी नवी घागर आणली, तिच्या गळ्याला दोरा बांधला, वर ठेवायला डांगर, म्हणजे खरबूज, आणलं. हे त्याच्या आईसाठी. माझा विश्वास नाही, पण आजवर मी कधी आड आले नाही. घागर त्याने कलाबाईच्या बोअरवरून भरून आणली. दुसरीकडून कुठून आणणार होता? पण तिच्या पाण्याने भरलेली ती घागर माझ्या ओसरीवर दिसली आणि माझा तोल गेला. मी ती उचलली आणि पाइपात रिकामी केली. पाणी खाली पडल्याचा आवाज आला नाही.

त्याने डांगर कापून गाईला घातलं आणि अंगणात जाऊन बसला.

११ मे, शनिवार

प्रेमराज पाचच्या सुमारास आत आला, माझ्याजवळ बसला, हात हातात घेतला. म्हणाला, जाऊ दे, तू चुकलं म्हणालीस तेवढं पुरे आहे. एकतीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालीस.

मी केव्हा म्हणाले, असं विचारलं. तो हसला. आत्ताच की, मागच्या अंगणातून. ‘अहो, चुकलं माझं. तुमच्या आईची घागर होती ती.’

मी तीनपासून पुढच्या खोलीत झोपले होते. आणि ‘अहो’ हा शब्द मी जन्मात उच्चारलेला नाही.

 नाकारायचं तर सांगावं लागलं असतं की माफी मी मागितलेलीच नाही. बराच वेळ हात त्याच्या हातातच राहू दिला. त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो माझ्यासाठी नव्हता.

१३ मे, सोमवार

साडेतीनला पाइपजवळ जाऊन बसले. गार वारा येत होता. आधी नुसती घरघर, मग आवाज. माझाच. घसा बसायला लागायच्या आधीचा, तिशीतला, जो ऐकायला अमळनेरला लोक झाडांवर चढले होते. पण भाषण नव्हतं. तो आवाज विचारत होता: अहो, आज काय केलंत? मग थांबा. तो थांबा माझाच होता, सभेला धरून ठेवणारा. फक्त मी तो पुढे बोलण्यासाठी घेते, आणि हा आवाज उत्तरासाठी घेत होता.

प्रतिध्वनी उशिरा येऊ शकतो. पोकळी मोठी असेल तर येऊ शकतो. दहा दिवस उशिरा येत नाही. न बोललेल्या वाक्यांचा तर नाहीच.

१६ मे, गुरुवार

प्रेमराज आता कलाबाईकडे दहाच मिनिटं थांबतो. हंडे ठेवतो आणि अंगणात जातो. दुपारभर तिथेच, टोपी घालून, खुर्ची टाकून. मला वाटायचं तिच्याकडे जाणं सुटलं तर जग जिंकलं.

कलाबाईने कुंपणावरून मला विचारलं की भाऊ आजकाल रुसलेत का, गोष्टी अर्ध्या राहिल्या माझ्या. ती आणि मी एकाच खुर्चीकडे बघत होतो. मी दार लावून घेतलं.

खिडकीतून ऐकते. आवाज विचारतो, मग काय झालं? तुम्हाला काय वाटतं? तुम्ही काय म्हणालात त्याला? आणि प्रेमराज बोलतो. तासन्‌तास! भुसावळचा स्टेशनमास्तर, आईचं आजारपण, आम्हांला मूल झालं नाही त्याचं त्याला काय वाटलं ते. ते त्याने मला कधी सांगितलं नाही.

कलाबाईचा मला राग येत होता तेव्हा मी माणूस होते. आता कुणाचा राग करू? माझ्याच आवाजाचा?

१९ मे, रविवार

आज सरळ प्रेमराजसमोर जाऊन उभी राहिले. ओठ घट्ट मिटून, त्याला दिसतील असे. म्हटलं बघू दे त्याला.

पाइपमधून आवाज आला: अहो, ऊन लागतंय, खुर्ची सावलीत घ्या.

प्रेमराजने माझ्या ओठांकडे पाहिलं. मग पाइपकडे. त्याला कळलं, मला शपथेवर सांगता येईल की त्याला कळलं. तो उठला, खुर्ची सावलीत नेली नाही. पाइपच्या आणखी जवळ ओढली.

मी ओरडले. घसा फाटेपर्यंत. निम्मे शब्द बाहेर आलेच नाहीत.

२२ मे, बुधवार. धुळे.

सभागृह भरलेलं. दहाची वेळ. मी माइक बाजूला सारला, थांबा घेतला, आणि मित्रहो म्हणायला तोंड उघडलं.

काही नाही. हवासुद्धा नाही.

डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला. म्हणाले स्वरयंत्र ठणठणीत आहे, बाई, तुमच्या वयाला हेवा वाटावा असं.

आता उमगलं. सकाळी दहाला बोअर आत ओढतो. मी सकाळी तालमीला बोलत होते, रोज, खिडक्या उघड्या टाकून. दुपारी तो बाहेर टाकतो. मी दिलं, आणि तो वापरतो आहे.

२४ मे, शुक्रवार

झाकण शोधलं. प्रेमराजने नाल्यात फेकून दिलं आहे. मग घमेलं घेतलं. पहिला ढीग आत घातला. दुसरा. आठ घमेली झाली. आत भुकटी पडत होती आणि वर माझा आवाज रडत होता. अहो, डोळ्यांत जातंय. अहो, मी गुदमरते.

प्रेमराज धावत आला आणि माझं मनगट धरलं. एकतीस वर्षांत त्याने माझ्यावर हात टाकला नव्हता. अजून निळं आहे. उरलेले सगळे ढीग त्याने फावड्याने नाल्यात लोटले.

२६ मे, रविवार

मगनला फोनवर लिहून पाठवलं: या, बुजवा. दुपारी आला. मी फाटकाशी उभी, हातवारे करते आहे, आणि मागून माझा आवाज त्याला सांगतो आहे की मॅडमांचा विचार बदलला, राहू दे, ये कधीतरी चहाला.

त्याने माझ्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं. नंतर पाइपकडे पाहिलंच नाही. दोन्ही हात जोडले, घमेलं तिथेच टाकलं आणि पाठमोरा न होता गाडीपर्यंत गेला. जाताना मलाही खुणेने बोलावलं, चला म्हणून.

कशी जाऊ? नवरा इथे आहे. पाइपातल्या तिच्यापाशी त्याला सोडून?

२८ मे, मंगळवार

कलाबाई आली. हसली नाही. कुंपणातून तिनेही ऐकलं आहे. माझा हात धरून कुजबुजली, “अक्का, चला मना घर. आठे ऱ्हावू नका.” म्हणाली, भाऊंना उद्या चारजणांना घेऊन बाहेर काढू, तुम्ही तरी आज चला.

चप्पल घातली होती. फाटकापर्यंत गेलेही. मग मोगऱ्याचा वास आला— तिच्या घरात, तिच्या पाण्यावर, तिच्या उपकारावर मी— मी हात सोडवून घेतला.

ती फाटकाबाहेर बराच वेळ उभी होती. ऊन वाढल्यावर गेली.

२९ मे, बुधवार

प्रेमराज जेवायला आत आला. मला बघून दारात थबकला. टोपी काढली. सभ्यपणे, परक्या बाईशी बोलावं तसं विचारलं— कोण पाहिजे आपल्याला?

मी छातीवर हात ठेवला. मी. मी. ओठ हलवले.

तो म्हणाला, बायको मागे अंगणात आहे, तिला विचारून सांगतो.

३० मे, गुरुवार. सकाळ.

दहा वाजताहेत. आत ओढतो आहे. पडदे अंगणाच्या दिशेने ताणलेत. काल लिहिताना दोन शब्द आठवले नाहीत. एक माझ्या शाळेचं नाव. दुसरा— दुसरा कोणता होता ते पण—

ही वही आहे. आवाज तिने घेतला. अक्षर माझं आहे. प्रेमराज टपालातला, अक्षरावरून माणूस ओळखतो. त्याला दाखवते. दुपारी.

३० मे. साडेतीन.

तो टेबलाशी उभा आहे. मी त्याच्यासमोर लिहिते आहे. मी रत्ना. वाच. मी रत्ना, तुझी—

वाचतो आहे. भुवया जवळ आल्या आहेत. ओळखीचं वाटतंय त्याला. वाटतंय—

अंगणातून ती विचारते: अहो, कोण आलंय?

नको देऊ उत्तर. इकडे बघ. मी विचारते तुला, मी, बघ, लिहून विचारते. तुला काय वाटतं, प्रेमराज? सांग मला. मी ऐकते. मला काही बोलायचं नाही, मी फक्त—

वाचलं त्याने. डोळे भरले. श्वास घेतला. तो सांगणार आहे—

खिडकीकडे वळला. सांगतो आहे— तिला सांगतो आहे— मी विचारलेलं, माझ्या प्रश्नाचं— नाही, प्रेमराज, इकडे, वहीकडे, मी इथे— ती म्हणते, अहो, ती वही आणा ना इकडे, बघू तरी काय लिहि